फ्रान्सिस लेकवर तंबूत राहायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाच्या युकॉन प्रदेशात, साधारण ६१ अंश उत्तरेला, फ्रान्सिस लेक हा लांबलचक तलाव आहे. तिथे जायला खडीचा एकच रस्ता आहे, रॉबर्ट कॅम्पबेल हायवे. खाली दिलेली उत्तरं मुख्यतः जून ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत स्वतःच्या गाडीने जाऊन तंबूत राहणाऱ्यांसाठी आहेत. तलावापेक्षा रस्त्याबद्दलच जास्त लिहिलंय, कारण इथल्या सहली बहुधा रस्त्यावरच बिघडतात.

हा तलाव नेमका कुठे आहे आणि तिथे पोचायचं कसं?

रॉबर्ट कॅम्पबेल हायवे, म्हणजे युकॉनचा ४ नंबरचा रस्ता, वॉटसन लेक या गावापासून कारमॅक्सपर्यंत जातो. त्याची लांबी सुमारे ५८३ किलोमीटर आहे. फ्रान्सिस लेकचं सरकारी कॅम्पग्राउंड वॉटसन लेककडून साधारण १७० किलोमीटरवर, मुख्य रस्त्यापासून अगदी थोडं आत आहे. व्हाइटहॉर्सहून येत असाल तर अलास्का हायवेने आधी वॉटसन लेकला या. तो सुमारे ४४० किलोमीटरचा चांगला पक्का रस्ता आहे.

कारमॅक्स आणि फॅरो (याच रस्त्यावरचं गाव) यांच्या बाजूनेही येता येतं, पण तिकडून खडीचा पट्टा बराच लांब पडतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी वॉटसन लेककडूनच जावं आणि त्याच वाटेने परत यावं. पूर्ण वळसा घालायचा मोह सगळ्यांना होतो. नकाशावर तो छान दिसतो, पण गाडीची आणि टायरची परीक्षा होते ती त्या उरलेल्या पट्ट्यातच.

जायला योग्य काळ कोणता?

मोठ्या तलावांवरचा बर्फ मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला फुटतो, त्यामुळे जूनच्या मध्याआधी जाण्यात फारसा अर्थ नाही. जूनमध्ये उजेड भरपूर असतो. २१ जूनच्या सुमारास इथे दिवस १९ तासांहून मोठा असतो आणि उरलेली रात्रसुद्धा पुरती काळोखी होत नाही. डासांचा जोरही याच काळात, जूनच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत असतो.

आमची पसंती ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्याला. डास उतरलेले असतात, रात्री काळोख परत आलेला असतो (आकाश निरभ्र असेल तर उत्तरेचे ध्रुवीय प्रकाशही दिसतात) आणि झाडं पिवळी पडू लागतात. मात्र रात्री पारा शून्याखाली जायची तयारी ठेवा. शिकारीचा हंगामही याच सुमारास सुरू होतो, म्हणून जंगलात फिरताना भडक रंगाचं जॅकेट घाला.

घड्याळाचा काही घोळ आहे का?

थोडा आहे. युकॉनने २०२० पासून घड्याळ पुढेमागे करणं बंद केलं आणि वर्षभर यूटीसी उणे ७, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या सात तास मागे, हीच वेळ ठेवली. त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तो बारा वाजता नव्हे, दुपारी दीडच्या पुढे. दुपारचा वारा किती वाजता उठेल याचा अंदाज बांधताना हे लक्षात ठेवा.

साधी कार चालेल का, की फोर बाय फोरच लागते?

कोरड्या हवेत, रस्ता नुकताच ग्रेडरने (खडी खरवडून सपाट करणाऱ्या यंत्राने) सारखा केलेला असताना, साधी कारही जाते. फोर बाय फोरपेक्षा महत्त्वाच्या गोष्टी दोन: गाडीच्या पोटाखालची उंची आणि टायरचा दर्जा. २० सेंटिमीटरच्या आसपास उंची असली की निभावतं. टायर हलक्या ट्रकचे, जाड बाजूचे, म्हणजे ज्यांच्यावर ‘एलटी’ लिहिलेलं असतं ते असावेत. कारच्या टायरची बाजूची भिंत पातळ असते. धारदार दगड तिथे लागला की चीर पडते आणि त्या चिरेला पंक्चरचा कुठलाही उपाय लागू पडत नाही.

भाड्याची गाडी असेल तर करारातलं खडीच्या रस्त्याचं कलम आधी वाचा. बहुतेक कंपन्या साध्या गाड्या अशा रस्त्यांवर न्यायला मनाई करतात, आणि तसं केलंत तर विमा मिळत नाही. परवानगी असलेल्या गाड्या वेगळ्या आणि महाग असतात, पण तो पर्याय आहे.

पेट्रोलचा हिशोब कसा करायचा?

वॉटसन लेक सोडल्यावर पुढचं पेट्रोल रॉस रिव्हरला, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरवर. मधे काहीच नाही. फ्रान्सिस लेकला जाऊन परत वॉटसन लेकला यायचं अंतरही ३४० ते ३५० किलोमीटर होतं. दोन्ही बाजूंनी हिशोब साधारण तोच.

खडीवर गाडी जास्त पेट्रोल पिते, कारण चाकं घसरतात, गियर खालचा लागतो आणि सामान वाढलेलं असतं. पक्क्या रस्त्यावरच्या आकड्यात पाव हिस्सा वाढवा. शंभर किलोमीटरला १२ लिटर घेणारी गाडी इथे १५ धरा. ३७० किलोमीटरला ५५ लिटर झाले. तुमची टाकी ६० लिटरची असेल तर कागदावर भागतं, प्रत्यक्षात भागत नाही. रस्ता वाहून गेला म्हणून अर्ध्या वाटेवरून परत फिरावं लागलं तर? म्हणून २० लिटरचा एक कॅन सोबत हवाच.

कॅन भरताना तो गाडीत किंवा प्लास्टिकच्या अस्तरावर न ठेवता जमिनीवर ठेवून भरा, नाहीतर स्थिर विजेच्या ठिणगीने पेट घेऊ शकतो. गच्च भरू नका, वर थोडी जागा सोडा. तो माणसं बसतात त्या भागात ठेवायचा नाही. बाहेर किंवा पिकअपच्या हौद्यात पट्ट्याने घट्ट बांधायचा. रस्त्याच्या हादऱ्यांनी सैल बांधलेला कॅन तासाभरात घासून गळायला लागतो. आणखी एक: छोट्या गावांतले पंप रात्री बंद असू शकतात, तेव्हा टाकी संध्याकाळीच भरून घ्या.

खडीवर गाडी चालवताना काय वेगळं करायचं?

वेग ६० ते ७० ठेवा, वळणांवर आणि पुलांच्या तोंडाशी त्याहून कमी. हेडलाइट दिवसाही चालू हवेत. धुळीत तुम्ही दिसता ते त्यामुळेच. समोरून ट्रक आला की वेग उतरवा, उजवीकडे सरा आणि तो जाईपर्यंत सावकाश राहा. काच फुटते ती दोन्ही गाड्यांच्या वेगाच्या बेरजेने. तुम्ही ४० वर आलात तर काचेवर दगडाने टिकलीएवढा टवका उडतो, ८० वर असाल तर तडा जातो.

ग्रेडर काम करत असेल तिथे रस्त्याच्या मधोमध किंवा कडेला सुट्या खडीचा लांब बांध पडलेला असतो. तो ओलांडायचा असेल तर जवळजवळ थांबून, तिरक्या कोनात ओलांडा. वेगात एक चाक त्यात गेलं की स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. गाड्या उलटतात त्या बऱ्याचदा अशा वेळी, चालक घाबरून उलट्या दिशेला जोरात वळवतो म्हणून.

काही भागात धूळ बसवायला रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात. कोरड्यात तो भाग गुळगुळीत आणि सुखाचा असतो. पाऊस पडला की त्याचा निसरडा चिखल होतो आणि तोच चिखल गाडीच्या पोटाला चिकटून सुकतो. ओल्यात ब्रेक हलके आणि लवकर लावा.

लाटालाटांचा रस्ता लागला की लोक सांगतात, वेग वाढवा, धक्के कमी जाणवतात. धक्के कमी जाणवतात हे खरं, पण तेव्हा चाकं जमिनीला निम्मा वेळच टेकलेली असतात. ना ब्रेक लागतो, ना गाडी वळते. हळूच जा.

टायरमधली हवा कमी करायची का?

थोडी. पक्क्या रस्त्यावर ३५ पीएसआय ठेवत असाल तर खडीवर २८ ते ३० करा. टायर दगडावर दबतो, फाटत नाही, आणि हादरेही कमी होतात. मात्र यासोबत वेग कमी ठेवणं आलंच. कमी हवेत जोरात चालवलं तर टायर तापतो आणि आतून तुटतो. गाडी सामानाने पूर्ण लादलेली असेल तर हवा कमी करायचा विचार सोडून द्या. पक्क्या रस्त्यावर परतल्यावर भरायला १२ व्होल्टवर चालणारा हवेचा पंप हवा. सिगारेट लायटरच्या खोबणीत लागणारे अगदी छोटे पंप मोठ्या टायरला तापून बंद पडतात. बॅटरीला थेट चिमट्यांनी लागणारा घ्या.

पंक्चर झालं तर?

होईल असंच धरून चला. पूर्ण आकाराच्या दोन स्टेपन्या असणं उत्तम, किमान एक तरी पूर्ण आकाराची. डिकीत येते ती बारीक, तात्पुरती स्टेपनी या रस्त्यावर १०० किलोमीटर टिकेल अशी आशा धरू नका. स्टेपनी निघण्याआधी खाली काढून तिच्यातली हवा तपासा. गाडीच्या पोटाखाली टांगलेल्या स्टेपनीची साखळी गंजून अडकलेली असते, आणि हे नेमकं पावसात कळतं.

सामान: जॅक, लांब दांड्याचा पाना, ३० बाय ३० सेंटिमीटरचा जाड प्लायवुडचा तुकडा, चाकामागे लावायला दोन ठोकळे, तारेचा ब्रश, पंक्चरच्या वाती आणि सुया, हातमोजे, डोक्याचा टॉर्च.

क्रम असा. सपाट आणि सरळ पट्टा बघून थांबा, वळणावर नको. हँडब्रेक लावा, पंक्चर चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला ठोकळे लावा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा. खडीत जॅक रुततो आणि कलतो, म्हणून खाली प्लायवुड. गाडी उचलल्यावर तिच्याखाली शरीराचा कुठलाही भाग जाता कामा नये.

चाक काढल्यावर एक काम बहुतेक जण विसरतात. हबची, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाची, जी सपाट बाजू चाकाला टेकते तिच्यावर धूळ आणि गंजाचा थर असतो. तो ब्रशने घासून काढा, स्टेपनीची आतली बाजूही पुसा. तो थर राहिला तर नट घट्ट बसल्यासारखे वाटतात, पण हादऱ्यांनी थर चुरून निघतो आणि चाक ढिलं होतं. नट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळा, गाडी खाली घेऊन पुन्हा आवळा आणि ८० ते १०० किलोमीटर गेल्यावर आणखी एकदा. जोर किती लावायचा तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. निघण्याआधीच तो कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा.

टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात खिळा किंवा दगड घुसून बारीक भोक पडलं असेल तर वात घालून भागतं. बाजूच्या भिंतीला चीर असेल तर चाकच बदला.

रस्ता चालू आहे की नाही हे कसं कळेल?

युकॉन सरकारची ५११ सेवा आहे, फोनवर आणि वेबसाइटवरही. निघायच्या दिवशी सकाळी बघा. शिवाय वॉटसन लेकच्या पेट्रोलपंपावर विचारा. तिकडून आलेल्या ट्रकवाल्याला रस्त्याची आजची हालत माहीत असते, वेबसाइटला कालची. उन्हाळ्यात वणवे लागतात, त्यांनीही रस्ता बंद होतो. मोठ्या पावसानंतर लहान नाल्यांजवळ रस्ता खचतो. पाणी रस्त्यावरून वाहत असेल आणि तळ दिसत नसेल तर थांबा. काही तासांत पाणी उतरतं.

मोबाइल चालतो का? मदत कशी मागायची?

वॉटसन लेक मागे पडलं की सिग्नल संपतो. युकॉनभर आणीबाणीचा ९११ नंबर आहे, पण तो लावायला आधी सिग्नल हवा. म्हणून उपग्रहावर चालणारं यंत्र घ्या. दोन्ही बाजूंनी मजकूर पाठवता येणारं असेल तर सर्वांत बरं, कारण ‘टायर गेला, जिवाला धोका नाही’ आणि ‘माणूस बेशुद्ध आहे’ यातला फरक त्यातच सांगता येतो. नुसतं धोक्याचं बटण असलेलं ४०६ मेगाहर्ट्‌झचं बीकन असेल तर त्याची नोंदणी केलेली असली पाहिजे. आयफोन १४ आणि त्यापुढच्या फोनमध्ये उपग्रहावरून आणीबाणीचा संदेश जातो, पण उघडं आकाश लागतं आणि बॅटरी शाबूत हवी. एकमेव भिस्त त्याच्यावर ठेवू नका.

इस्पितळ वॉटसन लेकला आहे, रॉस रिव्हरला आरोग्य केंद्र. गंभीर रुग्णाला पुढे विमानाने व्हाइटहॉर्सला नेतात. म्हणजे हवामान चांगलं असलं तरी मदत पोचायला तास लागतात. रोजचं औषध तीन-चार दिवस जास्तीचं ठेवा.

घरच्या एका माणसाला कागदावर लिहून द्या: गाडीचा नंबर, जायचा रस्ता, परतायचा दिवस, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर पोलिसांना कळवायचं. ही शेवटची वेळ लिहिली नाही तर तो माणूस काळजी करत बसतो, फोन मात्र करत नाही.

कॅम्पग्राउंडवर काय मिळतं?

तंबू आणि गाडी लावायच्या जागा, टेबल, शेकोटीचं लोखंडी कडं, जळाऊ लाकूड, साधे संडास, होडी उतरवायची जागा. वीज, शॉवर, दुकान यातलं काही नाही. जागा आधी आलेल्याला आधी. पोचल्यावर फलकाजवळची पाकिटं घेऊन स्वतःच नोंद करायची आणि शुल्क भरायचं. तिथे सुटे द्यायला कुणी नसतं, म्हणून कॅनेडियन डॉलरच्या लहान नोटा आणि नाणी ठेवा. यंदाचा दर निघण्याआधी युकॉन सरकारच्या पानावर बघून घ्या. टॉयलेट पेपर आपला न्या.

लाकडाचे ओंडके जाड आणि बऱ्याचदा ओलसर असतात. दीड-दोन किलोची फोडायची कुऱ्हाड नसेल तर फुकट लाकूड असूनही शेकोटी पेटत नाही. ओंडका फोडून आतला कोरडा भाग काढा, त्याच्या बोटाएवढ्या कामट्या करा. उभ्या झाडांच्या फांद्या तोडू नका. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता आणि राखेला हाताची उलटी बाजू लावून बघा. कोमट लागली तरी विझलेली नाही. इथली जमीन शेवाळ आणि मुळ्यांची असते, आग आतून धुमसत पुढे जाते.

कुठला तंबू, कुठली स्लीपिंग बॅग?

तंबूची जागा दाबलेल्या खडीची असते. तंबूसोबत येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या तिथे वाकतात. २० ते २५ सेंटिमीटरचे लोखंडी मोठे खिळे आणि हातोडी न्या. तंबूखाली घालायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा सगळीकडून पाच सेंटिमीटर आत दुमडा. बाहेर राहिली तर पावसाचं पाणी तिच्यावर पडून तंबूखाली शिरतं. वाऱ्याच्या दोऱ्या पहिल्याच संध्याकाळी ताणा. तलावावरचा वारा विचारून येत नाही.

स्लीपिंग बॅग उणे ५ ते उणे ७ अंशांना सुखाने झोपता येईल अशी हवी. पिशवीवरचे आकडे वाचताना ‘आराम’ म्हणून दिलेला आकडा धरा. ‘मर्यादा’ म्हणून दिलेल्या तापमानाला झोप लागत नाही, नुसतं कुडकुडणं होतं. खालची मॅट उष्णता रोखणारी, आर मूल्य ४ किंवा अधिक असलेली घ्या. महागड्या पिशवीत थंडी वाजते त्याचं कारण बहुधा खालची मॅट असते. जून-जुलैत डोळ्यांवर पट्टी घ्या, नाहीतर रात्रभर उजेडाने झोप येत नाही.

डासांचं काय?

गंमत नाही. डास जूनच्या मध्यापासून, काळ्या माश्या त्यानंतर ऑगस्टपर्यंत. काळी माशी डासासारखी टोचत नाही, कातडी कुरतडते. केसांच्या कडेला, कानामागे, मोज्याच्या काठाला चावते आणि रक्ताचा ओघळ आला की मगच कळतं.

अंगाला २० ते ३० टक्के डीट किंवा २० टक्के इकारिडिन असलेलं डास पळवणारं औषध लावा. कॅनडात मोठ्यांसाठी ३० टक्क्यांहून जास्त डीट विकायला परवानगी नाही. डीटने प्लास्टिक, चष्म्याची फ्रेम, मासेमारीची दोरी आणि काही रेनकोट विरघळतात. लावल्यावर तळहात पुसा. इकारिडिनने असं होत नाही. खरा उपाय मात्र कपडे: फिक्या रंगाचा घट्ट विणीचा सैल शर्ट, पँटचे पाय मोज्यात खोचलेले, आणि टोपीवरून घ्यायची डोक्याची जाळी. जाळी माणशी एक आणि वर एक जास्तीची. तंबू वाऱ्याच्या बाजूला उघड्यावर लावला तर निम्मा त्रास जातो.

अस्वलं येतात का?

येतात. काळी अस्वलं आणि ग्रिझली, दोन्ही. बहुतेक वेळा ती माणसाच्या वासानेच निघून जातात. अडचण होते ती अन्नामुळे.

सगळं अन्न, कचरा, शीतपेटी, टूथपेस्ट, साबण आणि कुत्र्याचं खाणं बंद गाडीत ठेवा. तंबूत वास येणारं काहीच नको, ओठांना लावायचं मलमसुद्धा नाही. गाडीपासून दूर, होडीने जाऊन राहिलात तर स्वयंपाक तंबूपासून १०० मीटरवर, वारा तंबूकडून स्वयंपाकाकडे वाहत असेल अशा जागी करा. अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवा किंवा जमिनीपासून चार मीटर उंच आणि खोडापासून एक मीटर दूर टांगा. तिथली स्प्रूसची झाडं बारीक आणि फांद्या आखूड, त्यामुळे टांगायला नीट फांदी मिळेलच असं नाही. डबाच बरा.

अस्वलाचा स्प्रे प्रत्येकाकडे, कमरेला लावलेला हवा. सॅकमध्ये ठेवलेला स्प्रे नसल्यातच जमा. विमानात तो नेता येत नाही, म्हणून व्हाइटहॉर्स किंवा वॉटसन लेकला घ्या आणि तारीख बघा. जुन्या डब्यातला दाब गेलेला असतो. वापर असा: क्लिप काढा, अस्वल सात-आठ मीटरवर आलं की त्याच्या थोडं समोर, किंचित खाली रोखून सोडा, म्हणजे ते फवाऱ्याच्या ढगात शिरतं. डबा जेमतेम सात-आठ सेकंद चालतो. हा स्प्रे तंबूवर किंवा सामानावर फवारायचा नसतो. सुकलेल्या मिरचीचा वास अस्वलाला उलट ओढतो.

अस्वल दिसलं तर पळू नका. शांत आवाजात बोलत, त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरका. झुडपांतून किंवा वाहत्या पाण्याजवळून जाताना मोठ्याने बोलत चला. सॅकला बांधतात ती घंटा अस्वलाला कमी ऐकू जाते.

तलावाचं पाणी पिता येतं का?

स्वच्छ दिसतं, तरी थेट नाही. जिआर्डिया हा परजीवी अशाच थंड, नितळ पाण्यात टिकून राहतो. हातपंप असेल तरी त्याचं पाणीही उकळा. खळखळून एक मिनिट उकळी आली की पुरे. दहा मिनिटं उकळून गॅस संपवू नका.

फिल्टर ०.२ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक हवा. पोकळ तंतूंचा फिल्टर वापरत असाल तर रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. एकदा ओला गोठला की तंतूंना चिरा पडतात, बाहेरून काहीच कळत नाही आणि त्यातून गाळलेलं पाणी न गाळलेल्यासारखंच. क्लोरिन डायऑक्साइडच्या गोळ्या थंड पाण्यात सावकाश काम करतात. क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीसाठी चार तास थांबावं लागतं.

शेगडी कुठली न्यावी?

थंडीत निव्वळ ब्युटेनचा गॅस चालत नाही, कारण शून्याच्या आसपास तो वायूच होत नाही. आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचा डबा घ्या आणि पहाटे तो दहा मिनिटं जॅकेटमध्ये धरा. गाडीपाशीच राहणार असाल तर प्रोपेनची दोन बर्नरची शेगडी सोपी. वाऱ्याला आडोसा हवा, पण डब्याभोवती गुंडाळायचा नाही, डबा तापतो. तंबूच्या आत पेटवणं पूर्ण बंद: आग तर आहेच, कार्बन मोनॉक्साइडही आहे.

होडीने किंवा कनूने (वल्ह्याच्या अरुंद होडीने) तलावात जावं का?

जावं, पण काठाकाठाने. फ्रान्सिस लेकला पूर्व आणि पश्चिम असे दोन लांब फाटे आहेत, मधे सिम्पसन टॉवर हा डोंगर. या लांब फाट्यांतून वारा वाहत येतो आणि त्याला अडवायला काही नसतं. सकाळी आरशासारखं दिसणारं पाणी दुपारनंतर तासाभरात पांढऱ्या फेसाच्या लाटांचं होतं. पहाटे निघा, दुपारपर्यंत काठाला लागा, फाटा आडवा ओलांडणं शक्य तितकं टाळा. वारा अडकवून ठेवेल म्हणून एका जास्तीच्या दिवसाचं खाणं होडीत असू द्या.

पाणी ऑगस्टमध्येही थंडच. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्त यांनी मांडलेलं १-१०-१ हे सूत्र पाठ करा: पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास आवरायचं, पुढची सुमारे दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि साधारण एक तासाने शरीर गारठून शुद्ध जायची वेळ. म्हणजे काठ दहा मिनिटांच्या आत असला पाहिजे. लाइफ जॅकेट होडीत ठेवू नका, अंगात घाला. पडल्यावर थंड पाण्यात ते घालता येत नाही. शिट्टी, पाणी उपसायचं भांडं आणि १५ मीटरची तरंगणारी दोरी सोबत ठेवा. मोटर लावलेली होडी चालवायला कॅनडात प्रमाणपत्र लागतं.

मासेमारीला परवाना लागतो का?

१६ वर्षं आणि त्यापुढच्यांना युकॉनचा परवाना लागतो, आणि तो आधी काढायचा, तलावावर मिळत नाही. लेक ट्राउट, नॉर्दर्न पाइक, आर्क्टिक ग्रेलिंग, व्हाइटफिश हे मासे आहेत. किती आणि केवढे ठेवता येतात ते त्या वर्षीच्या नियमांच्या पुस्तिकेत बघा. थंड पाण्यात लेक ट्राउट फार सावकाश वाढतो, मोठा मासा बरीच वर्षं जगलेला असतो. मोठे सोडून द्या, मध्यम आकाराचा एखादा खा. गळाची उलटी अणी चिमट्याने दाबून टाका, म्हणजे सोडायचा मासा पाण्यातच सुटतो. आतडी काठावर टाकलीत तर अस्वलाला आमंत्रण. होडीतून नेऊन खोल पाण्यात सोडा.

ही जमीन कुणाची? काही जपायला हवं का?

हा कास्का देना लोकांचा मुलूख आहे आणि तलावाला त्यांचं नाव तू चो. फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीचे रॉबर्ट कॅम्पबेल १८४० मध्ये इथे आले आणि कंपनीचे गव्हर्नर जॉर्ज सिम्पसन यांच्या पत्नी फ्रान्सिस यांचं नाव त्यांनी तलावाला दिलं. तलावाकाठी कंपनीचं एक ठाणंही काही वर्षं होतं. काठाने जुन्या झोपड्या, दफनाच्या जागा, दगडाची हत्यारं दिसली तर हात लावू नका, उचलू तर अजिबात नका, कायद्यानेही ते चालत नाही. बंद दिसणारी लाकडी खोपटी पडीक नसतात, ती कुणाच्या तरी वापरात असतात.

संडास नसलेल्या जागी राहिलात तर पाण्यापासून ७० मीटरवर, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करा. कागद बंद पिशवीत परत न्या. भांडीही तलावात नव्हे, तेवढ्याच अंतरावर धुवा.

परतल्यावर गाडीचं काय करायचं?

पक्का रस्ता लागला की आधी टायरमध्ये हवा भरा आणि चाकांच्या नटांवर पाना फिरवून बघा. वॉटसन लेकला गाडी खालून जोरदार पाण्याने धुवा, चाकांच्या आतल्या बाजूंसकट. कॅल्शियम क्लोराइडचा चिखल हवेतली ओल शोषून घेत राहतो आणि लोखंड गंजवतो. चाकाच्या आत एका बाजूला चिखल साचला तर पक्क्या रस्त्यावर ९० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, आणि लोक उगाच अलाइनमेंट करून घेतात. एअर फिल्टर काढून झटका, काळवंडला असेल तर बदला. काचेवर टिकली पडली असेल तर त्याच दिवशी पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे आत धूळ-पाणी जात नाही आणि पुढे राळ भरून घेता येते. गरम हीटर त्या काचेवर सोडू नका, तडा तिथूनच पुढे सरकतो.